आधी पाणी, मग बाकीचं

पूर, भूकंप अशा आपत्तीसाठी घरात काय काय तयार ठेवायचं, याची लांबलचक यादी बघून घाबरू नका. आणि महागडा तयार किट तर आत्ता मुळीच घेऊ नका; नवीन माणूस हमखास तिथेच फसतो.

सुरुवात पाण्यापासून करा. पिणं आणि जेमतेम स्वच्छता धरून माणशी रोज 4 लिटर, निदान 3 दिवसांचं. चौघांचं घर असेल तर जवळपास 50 लिटर होतं. सगळं एकाच पिंपात भरू नका, भरलेलं पिंप ऐनवेळी हलतही नाही. उचलता येतील असे छोटे कॅन बरे.

मग एवढंच:
- घरात रोज खाता तेच, न शिजवता चालेल असं थोडं जास्तीचं खाणं. न आवडणारे डबे मुदत संपेपर्यंत पडून राहतात.
- टॉर्च. सेल बाहेर काढून शेजारी ठेवा, आत राहिले की गळतात.
- नेहमीची औषधं, कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोकड.
- महत्त्वाचे नंबर कागदावर. मोबाइल बंद पडला की स्वतःच्या बायकोचा नंबरही आठवत नाही!

गॅस आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे, तो कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाकडून एकदा करून घ्या. जनरेटर, सोलरचं नंतर बघू.