जुनी वॅगनआर घेतलीय, गॅरेजवाला ३८ हजार म्हणतोय, आधी काय करू?

अभिनंदन आधी. तुमचा प्रश्न मला समजला तो असा, २०१२ ची वॅगनआर पेट्रोल, मीटरवर ८४ हजार, वर्षभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसती उभी होती, सर्व्हिस बुक नाही, तुम्ही साताऱ्यात राहता आणि गणपतीला कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचंय. गॅरेजवाल्याने ३८ हजारांचं एस्टिमेट दिलंय, त्यातलं खरंच गरजेचं किती.

एस्टिमेट वाचलं. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लिनिंग, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, टेफ्लॉन कोटिंग (रंगाला चकाकी देणारं), अंडरबॉडी कोटिंग, हेडलाइट पॉलिश, चारही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे). एवढं सगळं आहे पण ब्रेक ऑइल नाही आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नाही! घाट उतरायच्या गाडीला टेफ्लॉन लावतायत आणि ब्रेक ऑइल विसरले, काय बोलणार.

माझं म्हणणं एवढंच की ज्या गाडीचे कागद नाहीत तिची कुठलीच सर्व्हिस झालेली नाही असं धरून चालायचं. विकणारा "आत्ताच ऑइल बदललंय" म्हणतो, असेलही खरं, पण कुठलं टाकलं, फिल्टर बदलला का, हे त्यालाही माहीत नसतं. तरी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एकदा गाडीचा नंबर सांगून बघा, त्यांच्याकडे झालेल्या सर्व्हिसची नोंद बऱ्याचदा निघते आणि त्यात तेव्हाचं किलोमीटर रीडिंग पण असतं, म्हणजे ८४ हजार खरे की मीटर मागे फिरवलाय तेही कळेल. आणि दुसरं, सगळी कामं एका दिवशी करू नका. एकदम आठ पार्ट बदलले आणि नंतर खडखड सुरू झाली तर कशामुळे ते शोधत बसाल. आधी जी कामं न केल्याने इंजिन जाईल किंवा ब्रेक लागणार नाही तेवढी, मग पाचेकशे किलोमीटर चालवा, बाकीचं गाडी स्वतः सांगते.

गॅरेजला जायच्या आधी घरीच एक करा. किल्ली ऑनला आणा पण सेल्फ मारू नका. ऑइलचा दिवा, बॅटरीचा, चेक इंजिनचा, सगळे पेटले पाहिजेत आणि गाडी सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. जो पेटतच नाही तो जास्त काळजीचा, कारण विकताना चेक इंजिनचा दिवा बंद करून टाकणारे महाभाग आपल्याकडे आहेत. मग स्कॅनर लावून बघायचंच.

इंजिन ऑइल आणि फिल्टर पहिल्याच दिवशी. ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा, तपकिरी रंग ठीक आहे, पण काळा घट्ट चिखल दिसला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. जुनं ऑइल काढताना समोर उभे राहा, दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय आणि मग विषय हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील) जाऊ शकतो, चकचकीत कण दिसले तरी थांबा आणि दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा. या के सिरीज इंजिनला ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल चालतं, साधारण तीन लिटरच्या आसपास बसतं पण शेवटी डिपस्टिक बघूनच, वरच्या खुणेच्या वर नको. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन टाकायला सांगा, दहा-वीस रुपयांचा असतो आणि तोच कोणी बदलत नाही. इंजिन फ्लशला मात्र नाही म्हणा. वर्षानुवर्षं साठलेला चिखल एकदम सुटला तर तो खाली ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो आणि इंजिनला ऑइलच पोचत नाही, त्यापेक्षा आत्ता ऑइल बदला, दीड-दोन हजार किलोमीटरला परत बदला, हळूहळू साफ होतं. एअर फिल्टर आणि तिन्ही प्लग त्याच दिवशी बदलून टाका, फार खर्च नाही.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर चालवणाऱ्या पट्ट्याचं, तुम्ही विचारलंय, तर या १ लिटरच्या के१० इंजिनला टायमिंग चेन आहे, ठरावीक किलोमीटरला बदलायची भानगड नाही, फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला पुढून बराच वेळ खळखळ येत असेल तर दाखवा. हे मुद्दाम लिहितोय कारण तुमच्या शेजारच्या सँट्रोवाल्याने बेल्ट बदला म्हणून सांगितलं असेल तर तो त्याच्या गाडीपुरता बरोबर आहे, सँट्रो झिंगला बेल्टच आहे आणि तो तुटला की खर्च मोठा. तुमच्या गाडीला बाहेरचा जो बेल्ट दिसतो, ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात, तो मात्र बघा. त्याच्यावर अल्टरनेटर आणि वॉटर पंप चालतात. आतल्या बाजूने चिरा पडल्या असतील तर बदला, तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ इंजिन तापायला लागतं, तेव्हा "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं करायचं नसतं, तिथेच बाजूला घ्यायची.

आता कूलंट. यावर जरा लांब लिहितो कारण जुन्या गाडीचं इंजिन मरतं ते बहुतेक इथेच. आपल्याकडे कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओतायची पद्धत आहे, रोज थोडं थोडं ओततात, आणि दोन वर्षांनी रेडिएटरमध्ये नुसतं गंजाचं लाल पाणी असतं. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, रेडिएटरचं झाकण उघडून बघा, गरम असताना चुकूनसुद्धा हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आत लाल-तपकिरी दिसलं तर सगळं काढून डिमिनरलाइज्ड पाण्याने स्वच्छ येईपर्यंत धुवायचं आणि मग निम्मं कूलंट निम्मं तेच पाणी. बाटली घेताना रेडी टू यूज आहे की कॉन्सन्ट्रेट आहे ते वाचा, रेडीमध्ये परत पाणी घालणारे मेकॅनिक बघितलेत. भरल्यावर हीटर फुल गरमवर ठेवून रेडिएटरचा फॅन एक-दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायला सांगा, नाहीतर आत हवा अडकते. झाकण पण नवीन घ्या, ते आत दाब धरून ठेवतं म्हणून कूलंट शंभर डिग्रीला उकळत नाही, स्प्रिंग मेली की उकळतं आणि लोक रेडिएटर बदलत बसतात. काही जण सांगतील की कूलंट टाकल्यावर लीक सुरू होतो. लीक आधीच असतो हो, गंजाने बुजलेला असतो एवढंच. तो घाटात कळण्यापेक्षा सातारच्या गॅरेजमध्ये कळलेला बरा.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी गरम होते म्हटलं की आपल्याकडे बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात आणि "आता कधीच गरम होणार नाही साहेब" म्हणतात. होत नाही, बरोबर, पण मग इंजिन नीट तापतच नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं. ओळखायला सोपं आहे, सकाळी हायवेला दहा-पंधरा किलोमीटर चालवून हीटर लावा, हवा कोमटच येत असेल तर थर्मोस्टॅट काढलेला तरी आहे किंवा उघडा अडकलाय.

ब्रेक ऑइल. हे हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून गाडी उभी असली तरी खराब होतं, दोन वर्षांनी बदलायचंच. डॉट ३ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही पण ओलावा शोषलेलं १४० च्या आसपास उकळू शकतं, आणि कुंभार्लीसारख्या उतारावर सारखा ब्रेक दाबत गेलात की चाकाजवळ तेवढी उष्णता सहज तयार होते, मग आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. डॉट ३ की डॉट ४ ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. चारही चाकांतून जुनं काढून नवीन भरायला सांगा, वरून टाकी भरून देतात ते चालणार नाही. गाडी वर्षभर उभी होती म्हणजे पुढच्या कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम झालेल्या असू शकतात, खोलून साफ करून त्यांचंच वेगळं ग्रीस लावायचं, मागचे ड्रम उघडून लायनर बघायचे, हँडब्रेकची केबल मोकळी आहे का बघायची. नंतर दहा किलोमीटर चालवून रिमजवळ हात नेऊन बघा, रिमला लावू नका, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. आणि घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवणारे हुशार लोक असतात त्यांचं ऐकू नका.

टायर बघताना जाडी बघून फसू नका, कमी चाललेल्या गाडीत नक्षी छान असते पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या कडेला DOT या अक्षरांपुढे जो कोड असतो त्यात शेवटचे चार आकडे तारखेचे असतात, २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांच्या वरचा असेल किंवा कडेला बारीक चिरा असतील तर बदला. स्टेपनीवरची तारीख नक्की बघा, १२ निघाला तर तो गाडीबरोबर आलेला पहिलाच टायर आहे. जॅक आणि पाना आहे का तेही बघा, आणि घरीच एकदा चाकाचे नट सुटतात का बघून घ्या, मशीनने आवळलेले असले की रस्त्यात नुसते लोंबकळत बसाल.

बॅटरीसाठी पंक्चरवाल्याकडे पण मल्टिमीटर असतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. चालू असताना १३ च्या खाली असेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, अल्टरनेटर बघा. टर्मिनलवरची पांढरी पूड गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवायची, मग व्हॅसलिन. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.

उभी गाडी म्हटली की उंदीर. बॉनेट उघडून वायरी, होजपाईप, इन्सुलेशन कुरतडलंय का बघा. तंबाखूची पानं बांधून ठेवतात लोक, काहींचा अनुभव चांगला आहे, पण बेल्ट आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा. वायपरखालच्या जाळीत झाडाचा पालापाचोळा साठलेला असेल तो काढा, नाहीतर पावसाचं पाणी आत पायाशी येतं. पेट्रोलचे रबरी पाईप पण त्याच वेळी दाबून बघा, आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतंय आणि २०१२ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, पाईप कडक झाले असतील, चिरा असतील किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर लगेच बदला. ॲव्हरेज थोडं कमी मिळेल, त्याला इलाज नाही.

शॉकअप आणि लोअर आर्म, एस्टिमेटमधला सगळ्यात मोठा आकडा यांचाच आहे. गाडी रॅम्पवर चढवून "मला हलवून दाखव" म्हणा. शॉकअपवर ऑइल उतरलेलं दिसत नसेल आणि खड्ड्यानंतर गाडी हेलकावे खात नसेल तर चारही बदलायचं काही कारण नाही. खडखड बऱ्याचदा लिंक रॉडची किंवा आर्मच्या बुशची (जोडातल्या रबराची) असते, नुसता बुश बदलून भागत असेल तर अख्खा आर्म कशाला. एक्सलचे रबर बूट बघा, फाटला असेल तर आत्ताच बदला, बूट स्वस्त आहे, ग्रीस उडून जाऊन जॉइंट गेला की महाग, आणि तो गेला की पूर्ण वळवताना कट-कट आवाज येतो. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते म्हणालात, तीन सिलिंडरचं इंजिन आहे, थोडं असणारच, पण स्टेअरिंग आणि आरसे थरथरत असतील तर इंजिनचं माउंटिंग (रबरी आधार) बसलंय. गिअर ऑइल पण बहुधा कधीच बदललेलं नसेल, पुढच्या महिन्यात बदला, मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलंय तर जीएल-५ टाकू देऊ नका, आतल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही.

गाडी आधी कुठे होती ते लिहिलं नाहीत म्हणून एक, सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा आणि स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या रुळांत वाळलेला गाळ आहे का बघा. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ ला चिपळूण, अशा पुरातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या. तसं निघालं तर गाडी टाकून द्या असं नाही, पण मग वायरिंगचे कनेक्टर सगळे उघडून बघावे लागतील.

टेफ्लॉन, हेडलाइट पॉलिश, इंजेक्टर क्लिनिंग सध्या सगळं काट मारा. हेडलाइट खूपच पिवळा असेल तर पॉलिश करा, रात्री घाटात फरक पडतो.

कागदांचं थोडक्यात. २०१२ ची आहे म्हणजे २०२७ ला १५ वर्षं होतील आणि आरटीओत परत पासिंग करून पुढची पाच वर्षं मिळतील, आरसीवरची तारीख बघून ठेवा, तेव्हा ब्रेक, लाइट, पीयूसी सगळं तपासतात. आरसी ट्रान्सफर झाली तरी इन्शुरन्स आपोआप पूर्ण तुमच्या नावावर होत नाही, कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. जुनी ई-चलनं ऑनलाइन बघा आणि काचेवरचा फास्टॅग जुन्या मालकाला बंद करायला सांगून स्वतःचा घ्या, नाहीतर टोल नाक्यावर त्याचे पैसे कापले जातील आणि गणपतीत तो तुम्हाला फोन करेल.