स्टेन्सिलच्या कडेखालून रंग का पसरतो?

प्रश्न : कार्डशीटवर नक्षी कापून लाकडी खोक्यांवर स्प्रेने छाप मारते. पहिला छाप बरा येतो, दुसऱ्या-तिसऱ्यापासून कडा पसरतात. चूक कॅनची की कापण्याची?

बहुधा दोन्हींची नाही. कार्डशीट एकाच बाजूने ओली होते, म्हणून वळते. कड केसभर उचलली तरी फवारा आत शिरतो. कापण्याआधी शीटच्या दोन्ही बाजूंना क्लिअर लॅकरचे दोन-दोन पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. एकाच बाजूला दिलेत तर लॅकरनेच ती वळेल. खूप छाप मारायचे असतील तर कार्डशीटचा नाद सोडा आणि १२५ ते १९० मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म, म्हणजे मायलर घ्या. त्याहून जाड फिल्म कापताना मनगट भरून येतं, फार पातळ घेतली तर नाजूक टोकं फवाऱ्याने फडफडतात.

फिल्मसुद्धा नुसती ठेवून भागत नाही. मागच्या बाजूला रिपोझिशनेबल, म्हणजे काढून पुन्हा चिकटवता येणाऱ्या, स्प्रे-ॲडहेसिव्हचा हलका फवारा मारा आणि एक-दोन मिनिटं थांबा. बोट टेकवल्यावर चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला गोंद येता कामा नये. ओला असतानाच दाबलात तर तो लाकडावर उतरतो.

आता हात. कॅनमधली गोळी खुळखुळायला लागली की तिथून पुढे किमान एक मिनिट हलवा. अंतर २० ते ३० सेंमी, नोझल पृष्ठभागाशी काटकोनात. तिरका फवारा थेट कडेखाली जातो. फवारणी नक्षीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, कारण सुरुवातीला नोझल थेंब थुंकतं. अर्थात त्यासाठी भोवती कागद लावलेला हवा. पहिला हात इतका विरळ द्या, की खालचं लाकूड सरळ दिसेल. काहीच झालं नाही असं वाटतं, पण तो हात कडेपाशी चटकन सुकतो आणि पुढच्या रंगाची वाट अडवतो. असे तीन हात पुरतात. मध्ये किती थांबायचं ते कॅनवर असतं. रंग ओला चकाकायला लागला तर समजा, जास्त झाला. तो फटीत आपोआप ओढला जातो, मग स्टेन्सिल कितीही सुबक कापलेलं असो.

शेवटच्या हातानंतर रंग किंचित चिकट असतानाच स्टेन्सिल सरळ वर उचला. पूर्ण वाळू दिलात तर रंगाचा पापुद्रा फिल्मला धरून राहतो आणि कड दातेरी फाटते.

प्रश्न : नावाची पाटी करायची आहे. अक्षरं कापली की मधले तुकडे गळून पडतात. त्यांना धरून ठेवणारे जोड, म्हणजे न कापता सोडलेल्या पट्ट्या, कुठे ठेवावेत?

देवनागरीत हा त्रास जास्त, कारण शिरोरेषा अक्षराला वरून झाकण घालते. प, म, घ यांच्या पोटात एकेक बेट, म्हणजे चहूबाजूंनी कापला जाणारा तुकडा, तयार होतं; व आणि क यांच्या गोलात एकेक; ब आणि ष यांना तिरकी रेघ असल्याने दोन-दोन. प्रत्येक बेटाला निदान एक, मोठं असेल तर समोरासमोर दोन जोड द्या. पाच सेंमी उंचीच्या अक्षराला तीन मिमी रुंदीचा जोड ठीक. त्याहून बारीक असला तर गोंद सुटताना तुटतो.

जोडाची जागा मात्र विचार करून ठरवा. म ची शिरोरेषा तोडलीत तर तो भ वाचला जातो आणि घ चा ध होतो. या दोन अक्षरांना जोड खालच्या आडव्या रेघेत, दंडाजवळ म्हणजे उजवीकडच्या उभ्या रेघेजवळ द्या. म ची छोटी गाठ भरीवच कापा, तिथे बेट ठेवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. दोन अक्षरांमधली फिल्म खालून धरलेली, पण वरून सुटी असते. ती जिभेसारखी उचलली जाते आणि नेमका तिथेच रंग पसरतो. म्हणून दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेत एक जोड सोडा. रंगवून झाल्यावर शिरोरेषा सलग हवी असेल तर त्या फटी बारीक ब्रशने भरता येतात.

कापताना आधी बारीक भाग, मग मोठे. वळणावर सुरी न फिरवता शीट फिरवा, आणि पातं बोथट होण्याची वाट न पाहता बदला.

प्रश्न : फिल्मवर साचलेला रंग थिनरने पुसला तर चालेल का?

पॉलिएस्टर असेल तर चालेल. ॲसिटेटची शीट मात्र ॲसिटोनमध्ये विरघळते आणि बरेच थिनर ॲसिटोन असलेले असतात, तेव्हा आधी एका कोपऱ्यावर पाहा. फिल्म काचेवर सपाट ठेवा आणि फडकं जोडाच्या लांबीच्या दिशेने फिरवा; आडवं ओढलंत तर जोड दुमडतो. काम उघड्यावर, हातमोजे घालून, जवळपास ज्योत नको. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला लागतो.