ब्लू डॉलरच्या जोरावर अर्जेंटिनात लॅपटॉप स्वस्त पडतो का?

सहा महिन्यांसाठी ब्युनोस आयर्सला जाताय, तर रोख डॉलर समांतर (अनधिकृत) बाजारात, म्हणजे ब्लू डॉलरच्या दराने बदलून लॅपटॉप तिथेच घ्यावा का, असं विचारलंय. नको. इथूनच घेऊन जा.

डिसेंबर 2023 मध्ये, पेसो या तिथल्या चलनाच्या अवमूल्यनाच्या आधी, सरकारी दर डॉलरला सुमारे 366 पेसो होता आणि ब्लू डॉलरला हजाराच्या आसपास मिळत. तेव्हा जेवण, बस, भाडं रोख डॉलरवाल्याला खरंच स्वस्त पडायचं. इलेक्ट्रॉनिक्सचं गणित वेगळं. तोच माल उद्या पुन्हा भरायला किती पेसो लागतील, या धास्तीने दुकानदार किंमत लावायचा, वर आयातकर. म्हणून तर तिथली माणसंच अँडीज ओलांडून चिलेत सांतियागोला खरेदीला जात. एप्रिल 2025 मध्ये सामान्य नागरिकांवरचे डॉलरखरेदीचे बहुतेक निर्बंध उठले आणि दोन दरांमधली दरी जवळजवळ बुजली, म्हणजे ब्लू डॉलरचा तो फायदाही फारसा उरला नाही.

वीज 220 व्होल्ट आहे, आपला चार्जर चालतो. पिन वेगळी, तेवढा अडॅप्टर घ्या. तिथल्या लॅपटॉपचा कीबोर्डही स्पॅनिश असतो, बरं का. आणि ब्युनोस आयर्सच्या फ्लोरिदा रस्त्यावर ‘कांबियो, कांबियो’ (चलन बदला) ओरडणाऱ्यांकडे कृपया जाऊ नका, बनावट नोटा गळ्यात पडू शकतात.