दुकानात उभ्या उभ्या फोनचा डिस्प्ले कसा पारखायचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वीस हजारांच्या आतबाहेर आईसाठी फोन घ्यायचाय. आई बचतगटाचे हिशेब आणि व्हॉट्सॲप फोनवरच बघते, तेही बहुतेक अंगणात नाहीतर शेताच्या बांधावर. एका फोनच्या जाहिरातीत ४,५०० निट्स लिहिलंय, दुसऱ्याच्या १,८००. दुकानात हातात घेतले तर दोन्ही सारखेच चकाचक. मग निवडायचं कशावरून?

साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तुम्ही ज्याला डिस्प्ले म्हणता त्याला आमच्या धंद्यात फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात, आणि दिवसाला दोन-तीन तरी फोल्डर माझ्या हातून बदलले जातात. त्यामुळे पुढचं सगळं काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलेलं आहे.

दुकानात दोन्ही सारखे दिसले, यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. दुकानाची मांडणीच तशी असते. डेमो फोनवर ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असतो, रंग भडक ठेवलेले असतात, आणि काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत धूर, मासे, पोपट असला व्हिडिओ फिरत असतो. त्यात कुठलाही फोन लग्नातल्या नवरीसारखा दिसणारच. डिस्प्लेचं खरं रूप दोन टोकांना कळतं, भर उन्हात आणि गडद अंधारात. मधल्या उजेडात सात हजारांचा फोनसुद्धा देखणा दिसतो.

आधी त्या निट्सचं बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. निट हे पडदा किती उजेड बाहेर टाकतो याचं माप. पण एकाच पडद्याचे तीन-चार वेगवेगळे आकडे निघतात. हाताने ब्राइटनेसची पट्टी शेवटपर्यंत सरकवल्यावर मिळणारा एक. ऑटो ब्राइटनेस चालू ठेवून उन्हात गेल्यावर फोन आपणहून जोर लावतो तो दुसरा. त्याला हाय ब्राइटनेस मोड किंवा एचबीएम म्हणतात. आणि एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या) व्हिडिओतला दिवा, ठिणगी, सूर्य असा पडद्याचा इवलासा तुकडा क्षणभर उजळतो तो तिसरा, त्याचं नाव पीक. जाहिरातीत मोठ्या अक्षरात येतो तो बहुतेक वेळा हा तिसरा. ॲपलने आयफोन १४ प्रोच्या वेळी, २०२२ साली, तिन्ही आकडे वेगळे छापले होते: नेहमीचा १,०००, एचडीआरमध्ये १,६००, उन्हात २,०००. अशी फोड दिलेली असेल तर तुलना करता येते. नुसता एकच मोठा आकडा असेल तर तो पीक समजून बाजूला ठेवायचा आणि एचबीएमचा आकडा शोधायचा. जीएसएम अरीना ही साइट फोन स्वतः मोजून हाताचा आणि ऑटोचा असे दोन आकडे देते, ते बघून घ्या.

यात अजून एक गंमत आहे. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. त्यामुळे एक कोपरा पेटवायचा असेल तर सगळी ताकद तिथे लावता येते, पण पूर्ण पडदा पांढरा असला की तीच ताकद सगळीकडे वाटावी लागते आणि उजेड उतरतो. एलसीडीचं तसं नाही. मागे एकच बॅकलाइट जळत असतो, कोपरा असो की अख्खा पडदा, उजेड तोच. म्हणून उन्हात बघायचं तर वॉलपेपर बघू नका. नोट्स उघडा, पांढरं पान आणि त्यावर काळी अक्षरं, आणि ऑटो ब्राइटनेस चालू आहे ना ते तपासा. तुमच्या आईला उन्हात वाचायचंय ते असंच काहीतरी असणार.

दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स (जागेवर किती प्रकाश पडतो त्याचं माप) प्रकाश असतो, दुकानात तीनशे ते पाचशे. इतका फरक असताना दुकानाच्या आत ब्राइटनेस तपासणं म्हणजे छत्री घरात उघडून पाऊस तपासणं. दुकानदाराला सांगून पायरीपर्यंत या. नाहीच सोडलं बाहेर, तर एक युक्ती सांगतो. ऑटो ब्राइटनेस चालू करा आणि आपल्या फोनचा टॉर्च त्या फोनच्या वरच्या भागावर, सेल्फी कॅमेऱ्याच्या आसपास मारा. उजेड मोजणारा सेन्सर बहुधा तिथेच असतो. त्याला वाटतं ऊन आलं, आणि पडदा एचबीएममध्ये जातो. दोन्ही फोन शेजारी ठेवून हे केलंत तर १,८०० आणि ४,५०० मधला फरक आकड्याएवढा दिसत नाही, हेही लक्षात येईल. डोळ्याला दुप्पट उजेड दुप्पट वाटतच नाही.

शिवाय उन्हात आकडा टिकतो किती वेळ हा प्रश्न वेगळाच. फोन तापला की तो स्वतःच ब्राइटनेस पाडतो. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे "फोन उन्हात अंधारतोय, डिस्प्ले गेला का?" म्हणून लोक येतात. डिस्प्ले धडधाकट असतो, फोन फक्त स्वतःला वाचवत असतो. कुणा ओळखीच्याकडे तोच फोन असेल तर पाच-दहा मिनिटं उन्हात धरून बघा. आणि चकाकी विसरू नका. साध्या काचेवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. एक लाख लक्सचे ४ टक्के म्हणजे कमी नाहीत. ही चकाकी कमी करणाऱ्या काचा आता येतात, गॅलक्सी एस २४ अल्ट्राला २०२४ मध्ये आली तशी, पण तुमच्या बजेटमध्ये ती आशा नको. त्यावर आपण स्वस्तातली टेंपर्ड ग्लास चिकटवतो आणि मधे हवेचे बुडबुडे ठेवतो, हे आणखी वेगळं.

आता दुसरं टोक, अंधार. हे कुणीच तपासत नाही आणि नंतर पस्तावतात, मीही त्यातलाच.

काही वर्षांपूर्वी मी माझा पहिला ओएलईडी फोन घेतला. रात्री सगळे झोपल्यावर ब्राइटनेस अगदी कमी करून वाचायची सवय होती. आठवड्याभरात कपाळ दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर तपासून आलो, बदलला नव्हता. शेवटी दुकानातल्या दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून त्या पडद्याकडे बघितलं आणि उत्तर सापडलं: पडद्यावर जाड काळे पट्टे सरकत होते. बरेच ओएलईडी पडदे उजेड कमी करण्यासाठी ठिपके मंद करत नाहीत, भराभर बंद-चालू करतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. काही फोनमध्ये हे सेकंदाला २४० वेळा होतं, काहींत ४८०, नव्या काही फोनमध्ये दोन-तीन हजारांच्या वर. बहुतेकांना याचा काही त्रास होत नाही. पण ज्याला होतो त्याला होतोच, आणि तो दुकानात पाच मिनिटांत कळत नाही. तपासायचं असेल तर नव्या फोनचा ब्राइटनेस तळाला न्या, आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (सगळं हाताने ठरवायचा) लावून शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा आणि बघा. पट्टे फिके आणि बारीक असतील तर बरं. जाड आणि काळेकुट्ट असतील तर अर्धशिशीवाल्या माणसाने विचार करावा. आईला मायग्रेन असेल तर हा मुद्दा मी निट्सच्याही वर धरेन. चांगला एलसीडी घेतलात तरी बिघडत नाही, दुकानदाराने नाक मुरडलं तरी.

अंधारातली दुसरी तपासणी करड्या रंगाची. जवळजवळ काळा वाटावा असा गडद करडा फोटो आपल्या फोनमध्ये तयार ठेवा, क्विक शेअरने डेमो फोनवर टाका, ब्राइटनेस कमी करा आणि फोन पिशवीत धरून आत डोकावून बघा. लोक बघतात, बघू द्या. चांगल्या ओएलईडीवर तो करडा सगळीकडे एकसारखा दिसतो. नसेल तर कुठे हिरवट झाक, कुठे गुलाबी, कुठे डाग उठलेले दिसतात. एलसीडी असेल तर कडेने उजेड गळताना दिसेल. थोडाफार गळतोच, पण एका कोपऱ्यातून टॉर्च मारल्यासारखा दिसत असेल तर तो नग घेऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन नगांत यात फरक पडतो, त्यामुळे डेमो फोन बघून भागत नाही. डबा फोडल्यावर आपला नग पुन्हा बघावा लागतो.

आता बारकाव्याचं. बाजारात अजूनही ६.७ इंचाच्या पडद्यावर ७२० बाय १६०० ठिपके देणारे फोन आहेत. हिशेब केला तर इंचाला २६२ ठिपके पडतात. १०८० बाय २४०० असेल तर ३९३. इंग्रजी वाचताना हा फरक एकवेळ चालून जाईल. आपल्या लिपीत वर रफार, खाली उकार, मधे जोडाक्षर, सगळं एका अक्षराच्या उंचीत कोंबलेलं असतं. 'घ' आणि 'ध', 'द्ध' आणि 'द्व' बारीक अक्षरात वेगळे ओळखू येतात का, ते बघा. माझी स्वतःची कसोटी सातबाऱ्याची आहे. सातबाऱ्याची पीडीएफ उघडायची, अख्खं पान पडद्यावर बसवायचं आणि झूम न करता खातेदारांची नावं वाचायची. जिथे नावाचा काळा ठिपका होतो तिथे पडदा संपला.

मात्र नुसत्या ठिपक्यांवर जाऊ नका. आयफोन ११ चा पडदा ८२८ बाय १७९२ होता, इंचाला ३२६, आणि तोही एलसीडी. कागदावर निम्म्या किमतीचे फोन त्याच्या पुढे. तरी माझ्याकडे तो फोन घेऊन कुणी "अक्षरं फुटतात" म्हणून आलेलं नाही. एक कारण असं की एलसीडीत प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तिन्ही भाग असतात. फोनच्या बहुतेक ओएलईडी पडद्यांत सरासरी दोनच असतात, शेजाऱ्याकडून उसने घेऊन काम भागवतात. म्हणून सारख्याच आकड्याचा एलसीडी अक्षरांच्या कडांना किंचित जास्त रेखीव दिसतो.

रंगांबद्दल फार बोलत नाही, कारण ते आवडीवर जातं. एवढंच करा: सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' असेल ते 'नॅचरल' करा आणि आपल्या घरातल्या माणसांचा, दिवसा काढलेला फोटो बघा. हळदीकुंकवाचा असेल तर उत्तम. पिवळा आणि लाल चुकला तर आपल्याला लगेच कळतं, चेहरा चुकला तर त्याहून लगेच. पांढरा तपासायला बिलाचा कोरा कागद शेजारी धरा. मग फोन थोडा तिरका करा; पांढरा लगेच ठळक निळसर किंवा हिरवट होत असेल तर पडदा बहुधा स्वस्तातला. १२० हर्ट्झ वगैरे, म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करतो ते, बोटाला पाच मिनिटांत कळतं, त्याला चाचणी लागत नाही. फक्त सेटिंगमध्ये ते चालूच असतं असं नाही, आणि आईला त्याने काडीचा फरक पडणार नाही.

जुना फोन घेण्याचा विचार असेल तर मात्र वेगळी गोष्ट. आमच्या गल्लीतल्या चहावाल्याने पैसे घ्यायचा क्यूआर कोड स्वतःच्या ओएलईडी फोनवर दिवसभर उघडा ठेवला, वर्षभर. आता फोन कुठल्याही ॲपमध्ये असला तरी मागे पुसट क्यूआर दिसतो. तो हसून म्हणतो, स्टिकरचा खर्च वाचला. डिलिव्हरीवाल्यांच्या फोनवर नकाशाची चौकट अशीच बसलेली असते. पूर्ण पडदाभर करडा आणि मग लाल रंग लावला की असे सगळे डाग उठून दिसतात. सॅमसंगमध्ये डायलरवर *#०*# दाबलं की रंगांची ही चाचणी फोनमध्येच मिळते. शाओमीत *#*#६४८४#*#*. आणि फोल्डर बदललेला आहे का हेही बघा. ओएलईडी फोनला स्वस्तातला एलसीडी फोल्डर बसवलेला असेल तर काळा रंग राखाडी दिसतो, आणि पडद्याखालचा फिंगरप्रिंट बहुधा चालत नाही. विकणारा म्हणेल, "सेन्सर जरा स्लो आहे." तो स्लो नसतो, त्याच्यासमोर भिंत उभी केलेली असते.

तुमच्या दोन फोनांपैकी कुठला, तर वर सांगितलेला पांढऱ्या पानाचा प्रयोग दोघांवर करा आणि ज्यावर आई स्वतः चष्म्याशिवाय दोन ओळी जास्त वाचेल तो घ्या. शक्य असेल तर आईला दुकानात सोबत न्या. तुमचे डोळे तिच्या कामाचे नाहीत. ऑनलाइन मागवलात तर पहिल्याच रात्री, ग्लास चिकटवायच्या आधी, दिवे घालवून तो करडा फोटो लावून बघा. बदलून द्यायची मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि ग्लास चिकटवलेला फोन परत करताना उगाच वाद होतो.