मुलाचे डॉलर बालवाडीला चालतील?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. आमच्या गावच्या बालवाडीला तो देणगी देऊ शकेल का?
– एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, आधी त्याचा पासपोर्ट बघा. भारतीय असेल तर त्याची स्वतःची बचत परदेशी देणगी ठरत नाही. खुशाल बँकेतून पाठवू दे. अमेरिकी नागरिक झाला असेल तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, शिवाय दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं. मूळ कायदा १९७६चा, आणीबाणीतला. तेव्हा ‘परकीय हाता’ची धास्ती होती. २०२०च्या दुरुस्तीने मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला परदेशी निधी देणंही बंद झालं. आमच्या पाड्यावरच्या दोन ताईंचा पगार त्यातच थांबला. खिचडीचं पातेलं आठवडाभर पालथं होतं. मला ते अजून दिसतं. शेवटी शेजारच्या मावशींनी पायलीभर तांदूळ आणून ओतले.