मोजणीत जागा कमी भरली म्हणून ४० लाख सोडायचे का?

प्रश्न : शनिवार पेठेतलं आमचं वडिलोपार्जित दुमजली घर २ कोटी ४० लाखांना द्यायचं ठरलं. नोंदणीकृत साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) झालं, विसारही मिळाला. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्ड) १८६ चौरस मीटर आहेत, पण खरेदीदाराच्या खासगी सर्व्हेअरला १७४ भरले. शेजाऱ्यांची भिंत आमच्या हद्दीत आहे म्हणे. तुळयांना वाळवीही निघाली. ४० लाख कमी करा, नाहीतर विसार दुप्पट परत द्या, असा तगादा आहे. काय करू?

उत्तर : ताई, आधी वाळवी आणि जागा हे दोन मुद्दे वेगळे करा. खरेदीदार ते मुद्दाम एकत्र बोलतोय.

वाळवीबद्दल त्याला एकच विचारा : घर राहायला घेताय की पाडून बांधायला? पाडायचंच असेल, तर तुळयांपायी किंमत कमी मागण्यात अर्थ नाही. राहायचं असेल, तर दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक मागा आणि तुमच्या इंजिनिअरकडून तपासून घ्या. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार साध्या पाहणीत न दिसणारा आणि तुम्हाला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. वाळवी डोळ्यांना दिसत होती आणि त्याने घर पाहूनच साठेखत केलं असेल, तर त्याची बाजू लंगडी पडते.

जागेचं मात्र गांभीर्याने घ्या. खासगी सर्व्हेअरचा नकाशा अंतिम नव्हे. नगर भूमापन कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, त्यामुळे भिंतीचा प्रश्न समोरासमोर येतो. भिंत कधीची, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारा. बारा वर्षांहून जुनी असेल, तर शेजारी प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे दीर्घकाळ उघड ताबा असल्याने जागा आपलीच झाल्याचा, दावा करू शकतात. तुम्हाला हे आधीपासून माहीत असेल, तर आजच लेखी कळवा. माहीत असून लपवणं कायद्यात फसवणूक ठरू शकतं, आणि मग तडजोडीची ताकद सगळी त्याच्या हातात जाते.

सरकारी मोजणीतही १२ चौरस मीटर कमीच भरले, तर क्षेत्र सुमारे साडेसहा टक्के घटलं. त्या प्रमाणात किंमत साधारण साडेपंधरा लाखांनी उतरते, ४० लाखांनी नाही. साठेखतात किंमत एकरकमी आहे की दर चौरस मीटरने, आणि क्षेत्रापुढे ‘अंदाजे’ लिहिलंय का, ते पाहा. एकरकमी आणि ‘अंदाजे’ असेल, तर तुमची बाजू बळकट. प्रकरण कोर्टात गेलंच, तर किरकोळ कमतरतेपोटी भरपाई ठरवून उरलेल्या भागाचा व्यवहार पुरा करण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

दुप्पट विसाराला घाबरू नका. करारात तशी अट नसेल, तर असा काही नियम नाही. असली तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं. करारातला आकडा ही फक्त कमाल मर्यादा.

किंमत उतरवताना रेडीरेकनरचं (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरांचं) मूल्य काढून घ्या. ते मूल्य ठरलेल्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक जास्त निघालं, तर तुमचा भांडवली नफा रेडीरेकनरच्या आकड्यावर धरला जातो आणि खरेदीदारावरही कर येऊ शकतो. ‘फरक रोखीत देतो’ म्हणाला, तर ठाम नकार द्या.

कमी केलेली किंमत व्हॉट्सअॅपवर ‘ठीक आहे’ म्हणून मान्य करू नका. पुरवणी करार नोंदवा. त्यात नवी किंमत, सरकारी मोजणीचा नकाशा, भिंतीचा उल्लेख आणि खरेदीखताची तारीख लिहा. ‘घर आहे त्या स्थितीत पाहून घेतलं, यापुढे स्थितीपोटी किंमत कमी मागणार नाही’ हे वाक्यही घालायला लावा.