०.४० तास म्हणजे एक घटका

प्रश्न : आमचं चिपळूणला तिघांचं घर आहे. नोव्हेंबरचे तीसही दिवस मी वहीत विजेचा हिशेब ठेवला. गिझर २००० वॉटचा, रोज ०.४० तास (लाल दिवा लागलेला असतो तेवढाच वेळ धरला). ७५ वॉटचे दोन पंखे, ९.३० तास. विहिरीचा एक एचपीचा पंप, म्हणजे ७४६ वॉट, ०.२० तास. टीव्ही ८० वॉट, ३.४५ तास. ९ वॉटचे चार बल्ब, ५ तास. फ्रिजसाठी स्टिकरवरच्या वर्षाच्या १९२ युनिटांचा बारावा भाग घेतला. बेरीज बरोबर १०० युनिट आली, मीटरवर मात्र १३४ पडले. मीटर पळतंय असं शेजारी म्हणतात. अर्ज करू का?

उत्तर : ताई, अर्ज लिहून ठेवा, पण देऊ नका. आधी वही काढा.

आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. दर वर्षी पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग हीच चूक करायचा. तुम्ही चाळीस मिनिटं ०.४० लिहिलीत. घड्याळात ते शोभतं, गुणाकारात नाही. रुपयाचे पैसे शंभर, म्हणून चाळीस पैसे ०.४०. तासाची मिनिटं साठ. चाळीसला साठने भागा, ०.६७ येतील. तुम्ही धरलेले ०.४० तास म्हणजे चोवीस मिनिटं, म्हणजे बरोबर एक घटका. माझी आजी 'दोन घटका टेक गं' म्हणायची, तेव्हा ती अठ्ठेचाळीस मिनिटं मागत होती हे तिलाही ठाऊक नसावं. तुमच्या गिझरच्या रोजच्या सोळा मिनिटांना वहीत जागाच मिळाली नाही. ही सोळा मिनिटं २००० वॉटची, त्यामुळे महिन्याला सोळा युनिट इथेच गळाले : तुमचे २४, खरे ४०.

टीव्हीचं तर नवलच आहे. 'पावणेचार तास' असं मोठ्याने म्हणून बघा. पावणेचार म्हणजे चाराला पाव कमी, ३.७५. आपल्या बोलण्यात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे सगळं आहे, आणि बोलताना कुणी चुकत नाही. पेन हातात घेतलं की पावणेचाराचे ३.४५ होतात. साडेनऊचेही तुम्ही ९.३० केलेत. ही दोन्ही मिळून दीड युनिटाची चूक आहे, सोडून देऊ. पंपाची वीस मिनिटं म्हणजे ०.३३ तास, तिथे तीन युनिट.

पंपात आणखी एक गोम आहे. ७४६ वॉट ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद. तेवढी द्यायला मोटर तारेतून जास्त ओढते, कारण थोडी वीज तिच्या अंगातच तापून जाते. घरगुती पंपाला मी सरळ हजार वॉट धरतो. म्हणजे आणखी अडीच युनिट.

आता तुम्ही लिहिलंच नाही ते. टीव्ही रिमोटने बंद करता, पण सेट-टॉप बॉक्स? तो रात्रंदिवस कोमट असतो, हात लावून बघा. दहा वॉट धरले तरी चोवीस तासांचे महिन्याला ७.२ युनिट होतात, तुमच्या चार बल्बांच्या ५.४ पेक्षा जास्त! बल्ब विझवायला आपण धावतो आणि हा डबा वर्षभर जागा.

एकूण साधारण तीस युनिट सापडले. उरलेले चार मिक्सरचे आणि इस्त्रीचे समजा. दोन्ही वहीत दिसले नाहीत. फ्रिजचा हिशेब मात्र तुम्ही नामी केलात. बरेच जण फ्रिजचे वॉट चोवीस तासांनी गुणतात, पण त्याचा कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतो. बिलाबद्दल एवढंच, की शंभरच्या वर गेलात म्हणून सगळेच युनिट महाग होत नाहीत, फक्त वरचे चौतीस चढ्या दराने लागतात.

तरी मीटरबद्दल मनात किंतु राहील. त्यावर घरच्या घरी करायची एक परीक्षा सांगतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल तर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. एक युनिट म्हणजे हजार वॉट तासभर, आणि तासाचे सेकंद ३६००, म्हणून ३६ लाखांना ३२०० ने भागा : ११२५. हा आकडा लक्षात ठेवा. दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी ११२५ ला भागलं की त्या क्षणी घर किती वॉट घेतंय ते कळतं. मीटरवर दुसरा आकडा असला तर भागाकार त्याने करा.

रात्री फ्रिज, बॉक्स, सगळं बटणावरून बंद करा, फक्त एक पंखा पूर्ण वेगात ठेवा. ७५ वॉटच्या पंख्याला दिवा पंधरा सेकंदांनी लुकलुकायला हवा. एकावर विसंबू नका, दहा अंतरं मोजा : साधारण दीडशे सेकंद. (दहा अंतरांना अकरा लुकलुकी लागतात, इथेही माझी पोरं चुकायची.) पंखा जुना असेल तर दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे चालतील. ऐंशी सेकंदांतच दहा अंतरं झाली, तर अर्ज जरूर द्या. पण त्याआधी माळ्यावरचा किंवा न्हाणीतला दिवा चालू राहिला नाही ना, तेवढं बघून या.